कोईमतूरहून आलेला पुतण्या शाळेत तोंड उघडत नाही. त्याचं तमिळ बंद करावं का?

माणदेशची लेक

नमस्कार. विट्याजवळच्या एका गावातून लिहितेय. प्रश्न घरचा आहे, पण आमच्या खानापूर-आटपाडी भागात अशी घरं गल्लोगल्ली आहेत, म्हणून इथं विचारते.

माझ्या धाकट्या दिरांचं कोईमतूरला गलाईचं दुकान आहे. आमच्याकडं यात नवल नाही. पाऊस झाला तर ज्वारी-बाजरी, नाही झाला तर हात चोळत बसायचं. त्यामुळं घरटी एखादा तरी बाहेर पडला, मोडीचं सोनं-चांदी गाळायचं काम शिकला आणि मिळेल त्या मुलखात बसला. तमिळनाडू, केरळ, आंध्र, पंजाब, कुठल्याही सराफपेठेच्या मागच्या बोळात जा, विट्याकडचा माणूस सोनं वितळवायच्या मुशीसमोर दिसणार. दीर लग्नाआधीपासून तिकडं, दोन्ही मुलं तिकडचीच जन्माची. त्यातला थोरला यंदा जूनमध्ये आमच्याकडं राहायला आला आणि आठवीत बसला. दिरांची इच्छा, की पोरानं काही वर्षं आजी-आजोबांजवळ काढावीत. घरात त्याला सोन्या म्हणतो, इथंही तेच लिहिते.

सोन्याच्या तिकडच्या शाळेत तमिळ आणि इंग्रजी एवढ्याच भाषा. तमिळनाडूत १९६८ पासून सरकारी धोरणच दोन भाषांचं आहे. त्यामुळं देवनागरी त्याला जावेनं घरी गिरवून घेतली तेवढीच. गणित-विज्ञान इथं सेमी इंग्लिशमध्ये आहे, त्यात तो पुढं आहे. मराठी आणि हिंदीचं पुस्तक उघडलं की मात्र बोट ठेवून एकेक अक्षर लावत बसतो.

बोलायला मात्र त्याला मराठी येतं, अगदी सणसणीत येतं. आणि खरी अडचण तिथंच आहे. त्याचं मराठी आलं कुठून? दिरांकडून, जावेकडून आणि रोज रात्री आजीशी होणाऱ्या फोनवरून. म्हणजे तीस वर्षांपूर्वी आमच्या गल्लीत जे बोलत होते ते जसंच्या तसं. माझी स्वतःची पोरं गावात वाढून तसं बोलत नाहीत; शाळा, टीव्ही, मोबाइल यांनी त्यांचं बोलणं कधीच बदललंय. पहिल्याच आठवड्यात सरांनी वही विचारली, तर हा उभा राहून म्हणाला, “घरला ऱ्हायली जी. दुपारच्याला घिऊन येतु.” सगळा वर्ग हसला. मग कुणाला तरी कळलं की हा तमिळनाडूतनं आलाय. तेव्हापासून अण्णा, मद्राशी, इडली सगळं सुरू झालं. म्हणजे पोरगं एका वेळी दोन गोष्टींसाठी चिडवून घेतंय, परमुलखातलं आहे म्हणून आणि गावापेक्षा जास्त गावाकडचं आहे म्हणून. आता तो शाळेत हजेरीला हात वर करतो, तोंड उघडत नाही.

संध्याकाळी स्लॅबवर जाऊन बहिणीला फोन लावतो, तेव्हा मी वाळवण काढायच्या निमित्तानं वर जाते. तिथं वेगळाच मुलगा असतो. आवाज मोठा, हात हलतायत, मधेच टाळी देतो तसा कठड्यावर थाप मारतो. बोलणं सगळं तमिळमध्ये, मला अक्षर कळत नाही. खाली आला की पुन्हा “हं”, “व्हय”, “न्हाय”.

मामंजींचं म्हणणं, सहा महिने हा फोन बंद करा, मराठी आपोआप सुधारेल. मराठीचे सर भले आहेत, त्यांनी मला बोलावून सांगितलं, घरात त्याच्याशी शुद्ध बोला, तुमचं ऐकून तो बिघडतोय. आमचे हे म्हणतात, पोर आहे, रुळेल. मला या तिघांचंही पटत नाही, पण का पटत नाही ते नीट मांडता येत नाही.

आणि परवा शाळेतून एक फॉर्म आला. सोन्या पेन घेऊन माझ्याजवळ बसला आणि विचारलं, “मोठी आई, मातृभाषा म्हणून हितं काय लिवायचं?” मी म्हटलं मराठी लिही. त्यानं लिहिलं. पण विचारताना त्याचा चेहरा असा होता, की त्याला उत्तर फॉर्मसाठी नको होतं.

ज्यांनी दोन भाषांत दिवस काढलेत किंवा अशी मुलं वाढवलीत, त्यांनी सांगावं. फोन बंद करावा का? आणि आम्ही घरात त्याच्याशी कसं बोलावं?

उमदीकर

ताई, मामंजींना माझा नमस्कार सांगा आणि फोन अजिबात बंद करू नका.

मी जत तालुक्यातला, उमदीकडचा. घरात कन्नड, शाळा मराठी. आमच्याकडं जिल्हा परिषदेच्या कन्नड शाळाही आहेत. माझी अक्का कन्नड शाळेत गेली आणि मी मराठी, कारण तिच्या वेळी आम्ही मळ्यात राहायचो आणि ती शाळा जवळ होती. एका आईची दोन लेकरं, दोन लिप्या. आजही अक्का देवाची पोथी कन्नडमध्ये वाचते आणि मी शेजारी बसून हरिपाठ म्हणतो.

आम्हाला सांगलीपेक्षा विजापूर जवळ. दवाखाना, लग्नाचा बस्ता, बैलबाजार तिकडं. सातबारा, रेशनकार्ड, तहसील इकडं. गुड्डापूरला दानम्मादेवीच्या यात्रेत मी नारळ कन्नडमध्ये घेतो आणि गाडी लावायला पोलिसाशी मराठीत बोलतो, मधे श्वाससुद्धा घ्यावा लागत नाही. लहानपणी मला वाटायचं सगळ्या जगात असंच असतं.

ते वेगळं आहे हे मला बाहेरच्यांनी सांगितलं. आमच्या भागातल्या गावांनी २०१२ साली पाण्यासाठी कर्नाटकात जायचा ठराव केला होता. २०२२ च्या नोव्हेंबरात तिकडच्या मुख्यमंत्र्यांनी तो विषय पुन्हा काढला आणि आमच्या पारावर कॅमेरे आले. माझे चुलते दोन्हीकडच्या पत्रकारांशी बोलले, एकाशी मराठीत, एकाशी कन्नडमध्ये. दोघांना एकच सांगितलं, की शेताला पाणी पाहिजे. रात्री बघितलं तर एका ठिकाणी ते महाराष्ट्रावर रुसलेले आणि दुसऱ्या ठिकाणी कर्नाटकाच्या ओढीनं व्याकूळ झालेले. आम्ही कोण, हे त्या दिवशी विचारणाऱ्यानंच ठरवून आणलं होतं. चुलत्यांना त्याचा फार त्रास झाला. पाण्याबद्दल कुणी पुढचा प्रश्न विचारलाच नाही.

सोन्याचंही तेच चाललंय असं मला वाटतं. प्रत्येक जण त्याला तू कोण हे सांगतोय.

माझ्या पहिलीच्या गुरुजींची गोष्ट सांगतो. ते स्वतः कन्नड घरातले. गणित फळ्यावर मराठीत लिहायचे, मग म्हणायचे, आता हे मला कन्नडमध्ये समजावून सांग. सांगितलं की म्हणायचे, आता तेच मराठीत. मला मराठी आलं ते त्या मधल्या पायरीमुळं. जे बोलताना पोर मोकळं हसतं तेच तोडलं, तर दुसऱ्या भाषेला पाय टेकायला जागा राहत नाही.

फॉर्मचं म्हणाल तर मी माझ्या फॉर्मवर कन्नड लिहितो. मुलीच्या फॉर्मवर मराठी लिहिलंय, कारण बायको तासगावची आणि लेक आईच्या मागं मराठी बोलायला लागली. दोन्ही खरं आहे.

कडेगावचा

सगळे मायेनं लिहितील, मी थोडं कडू लिहितो. फोन बंद करू नका, हे मान्य. पण त्या सरांना मोडीत काढू नका.

मी कडेगाव तालुक्यातला. पुण्यात इंजिनिअरिंगला होतो. दुसऱ्या वर्षी गटानं प्रोजेक्ट सादर करायचा होता. सगळं काम मी केलं होतं, रात्र-रात्र लॅबमध्ये बसून. आदल्या दिवशी गटातल्या मुलांनी ठरवलं, की बोलायचं दुसऱ्यानं. कारण माझ्या तोंडून “आलतो”, “गेलतो”, “पानी” असं येतं आणि मार्क जातील. कुणी शिवी दिली नाही, खूप समजुतीनं सांगितलं. मी मागं उभा राहून बटण दाबत स्लाइड पुढं सरकवल्या. ते मी आजही विसरलेलो नाही.

त्यानंतर मी वर्षभर रोज सकाळी वर्तमानपत्राचा अग्रलेख मोठ्यानं वाचला. खोली बंद करून. आज साताऱ्याच्या एमआयडीसीत आहे, नव्या मुलांचं प्रशिक्षण माझ्याकडं आहे. हॉलमध्ये मी पुस्तकी मराठी बोलतो, शॉपवर कोरेगाव-रहिमतपूरच्या पोरांशी गावचं बोलतो आणि दोन्हीकडं मी मीच असतो.

म्हणून सांगतो, सोन्याला प्रमाण मराठी लवकर आणि पक्कं शिकवा. दहावीचा पेपर आजीच्या बोलीत लिहिता येत नाही. फक्त ते “तू बिघडलायस” असं सांगून शिकवू नका. त्याला सांगा, हे आणखी एक हत्यार आहे, हातात असू दे. आणि वर्ग हसतो ते थांबवणं सरांचं काम आहे, ते तुम्ही घरी कितीही शुद्ध बोलून थांबणार नाही.

माणदेशची लेक

दोघांचेही आभार. उमदीकर, तुमचं उत्तर मी मामंजींना वाचून दाखवलं. ते म्हणाले, “जतचं येगळं, ती सीमा हाय. आपण कुठं सीमेवर हाय?” याला काय सांगू?

मिरजेची निवृत्त

ताई, मामंजींना सांगा, सीमा नकाशावर एके ठिकाणी असते, बोलण्यात ती प्रत्येक उंबऱ्यावर असते. मी मिरजेत महाविद्यालयात शिकवत होते, संवादशास्त्र हा माझा विषय होता. तुमच्या प्रश्नाचं सगळ्यात चांगलं उदाहरण आपल्या जिल्ह्यातच आहे, ते आधी सांगते.

कुपवाड. आज ते सांगली-मिरजेबरोबर महापालिकेत आहे, लोकांना एमआयडीसी म्हणून माहीत आहे. १९६० च्या दशकात ते खेडं होतं आणि जॉन गंपर्झ नावाच्या अमेरिकी अभ्यासकानं तिथल्या बोलण्याचा अभ्यास केला. रॉबर्ट विल्सन यांच्याबरोबर लिहिलेला त्याचा निबंध १९७१ मध्ये छापून आला आणि जगभर भाषाविज्ञानाच्या वर्गांत कुपवाड शिकवलं जाऊ लागलं. गावात जैन आणि लिंगायत घरांत कन्नड, मुसलमान घरांत उर्दू, काही घरांत मराठी आणि थोड्या घरांत तेलुगू. हे शेकडो वर्षं शेजारी राहिलेले लोक. पुरुषांना तर दिवसभरात दोन-तीन भाषा लागायच्याच.

अभ्यासकांना असं दिसलं, की या भाषांची वाक्यरचना एकमेकींच्या इतकी जवळ आली होती की एका भाषेतलं वाक्य शब्दाला शब्द बदलून दुसरीत नेता यायचं. इतकं सगळं एक झाल्यावर भाषाही एकच का झाली नाही? शब्द वेगळे का राहिले? त्यांचं उत्तर असं, की चुलीजवळची भाषा ही घराची ओळख होती. बाहेर चारचौघांत मराठी चालायची, कारण ती बहुतेकांच्या घरची नव्हती, तिच्यात कुणी कुणाचा मान घेत नव्हतं. उंबरा ओलांडून आत आलं की आपापली. लोकांनी मांडणी एकमेकांना देऊन टाकली आणि शब्द स्वतःपाशी ठेवले. हे कुणी बैठक घेऊन ठरवलं नव्हतं. रोजच्या बोलण्यातून ते होत गेलं.

आता सोन्याकडं बघा. त्याच्यासाठी स्लॅब हा उंबरा आहे. बहिणीबरोबरचं तमिळ ही त्याची चुलीजवळची भाषा. ती काढून घेतली तर पोर मराठी होणार नाही, बेघर होईल.

आमच्या विषयात मायकेल हेक्ट यांनी १९९३ मध्ये एक मांडणी केली. माणसाची ओळख कुठंतरी आत ठेवलेली असते आणि बोलण्यातून ती फक्त बाहेर येते, हे त्यांना मान्य नाही. त्यांच्या मते बोलणं हीच ओळख घडण्याची जागा. तिचे त्यांनी चार थर सांगितले. मी स्वतःला काय समजतो, हा एक. मी बोलता-वागताना काय दिसतो, हा दुसरा. नात्यात मी कुणाचा कोण असतो, हा तिसरा. आणि माझा समाज म्हणून जे आम्ही मिळून मानतो, तो चौथा. हे थर नेहमी जुळतात असं नाही. २००४ मध्ये त्यांनी आणि युरा जंग यांनी या न जुळण्यावर, थरांमधल्या फटीवर लिहिलं. फट वाढली की माणसाला आपलं कुणी समजून घेत नाही असं वाटतं आणि बोलणं नकोसं होतं.

सोन्या स्वतःच्या मनात पक्का विट्याचा आहे. नाही तर आजीसारखं बोलला नसता. वर्गाला तो दिसतो तो मद्राशी. घरात तो नातू आहे, पुतण्या आहे, आणि तिथं त्याची जागा घट्ट आहे. त्याची फट पहिल्या दोन थरांत पडलीये आणि तुमच्या हातात तिसरा आहे. तेव्हा काम तिथून सुरू करा. भाषा सुधारायच्या आधी त्याला बोलण्यासारखं काही द्या.

कडेगावच्या दादांचं मला पूर्ण पटतं. प्रमाण भाषा शिकवायलाच हवी. पण ज्या मुलाचं कुणी ऐकत नाही त्याला कुठली भाषा शिकवून काय उपयोग?

मुशीवाला

मी तुमच्याच खानापूर तालुक्यातला, त्रिशूरला दुकान होतं. आता पोरगा बघतो, मी गावी आलोय.

ताई, आमच्या धंद्यात बोलणं किती लागतं हे गावाला माहीत नाही. गिऱ्हाईक मोडीचा दागिना घेऊन येतं. आपण वजन करतो, मुशीत टाकणखार टाकून वितळवतो, टंच म्हणजे सोनं किती शुद्ध ते काढतो. अगदी शुद्ध करायचं असेल तर सोन्यात चांदी मिसळून तेजाबात, म्हणजे ॲसिडात, उकळतात; चांदी विरघळून जाते, खाली सोनं राहतं. हे सगळं होईस्तोवर गिऱ्हाईक समोरच्या बाकावर बसून असतं आणि त्याची नजर मुशीवरनं हलत नाही. त्याच्या बायकोच्या गळ्यातलं असतं ते. अशा वेळी परमुलखातल्या माणसावर त्यानं विश्वास का ठेवावा? आपण त्याच्या भाषेत त्याच्या पोरांची, पावसाची चौकशी करतो म्हणून. मी मल्याळम पुस्तकात शिकलो नाही, त्या बाकावर बसलेल्यांनी शिकवलं. माझ्यातला अर्धा माणूस त्यांनी घडवलाय असं मी म्हणतो.

माझी मुलं एकमेकांशी अजून मल्याळममध्ये भांडतात. थोरल्याची बायको कडेगावची आहे, ती पण आता त्यात भांडते. पण आमच्या मंडळाचा गणपती आणि शिवजयंती पोरांनी कधी सोडली नाही, आणि दसऱ्याला विट्यात पालख्यांची शर्यत असते त्याला तर काहीही करून यायचंच. तिकडं गेलेल्या पोरांनी गाव टिकवलं ते असं, चार घरं एकत्र बसून, एकमेकांना सांगून-सांगून.

आता जे मनात आहे ते लिहितो. गावात आलं की आम्हाला काय विचारतात? देवळाची वर्गणी किती घालणार. कुस्तीच्या फडाला किती. आम्ही आनंदानं घालतो, गाव आपलं आहे. पण त्यापुढं कुणी विचारत नाही, की बाबा तिकडं राहतोस कसा, खातोस काय, तुझं दुकान दिसतं कसं. बायका-पोरांना तर कुणीच नाही. मग पोरांना गाव म्हणजे पाहुण्याचं घर वाटतं, आदर आहे पण बोलायला काही नाही.

तुमच्या सोन्याला त्या घरात कोईमतूरबद्दल एक तरी प्रश्न कुणी विचारला का? तेरा-चौदा वर्षं पोरगं जगून आलंय तिकडं. त्याची शाळा, गल्ली, बापाचं दुकान, सगळं त्याच्या पोटात बंद आहे. ते मराठीत सांगायची वेळच कधी आली नाही त्याच्यावर, कारण आजीशी फोनवर आपण काय बोलतो? जेवलास का, पाऊस हाय का, म्हस इली का. एवढंच. पोराला ज्या मराठीची गरज आहे ती त्या फोनवर मिळाली नाही. ती आता तुमच्या ओट्यावर मिळू दे. मामंजींनाच विचारू दे.

माणदेशची लेक

तुम्हा सगळ्यांची उत्तरं वाचून मी जे केलं ते सांगते, मग अजून एक विचारायचंय.

मुशीवाला काका, तुमचं लिहिणं मी मामंजींसमोर तसंच वाचलं, वर्गणीसकट. ते काही बोलले नाहीत. रात्री जेवताना मीच सुरुवात केली. सोन्याला म्हटलं, तुझ्या पप्पांचं दुकान मी एकदाच बघितलंय, तेही घाईत. सोनं ओतताना काय करतात ते सांग बरं. त्यानं आधी माझ्याकडं नुसतं बघितलं. मग आमटीची वाटी पुढं ओढली, भाकरीचा तुकडा चिमटीत धरला आणि दाखवायला लागला. हा चिमटा, ही मूस. मूस तापून लाल झाली की उचलायची कशी, साचा आधी गरम करून तेल लावून ठेवायचा कसा, ओतताना हात थांबला तर काय होतं. “धार तुटली का पप्पा वरडत्यात,” म्हणाला. मधेमधे शब्द अडला की तमिळ शब्द टाकायचा, हातानं दाखवायचा आणि आम्ही तिघं-चौघं मिळून मराठी शब्द शोधायचो. माझी लेक त्याच्याहून लहान आहे, ती तोंड उघडं टाकून ऐकत होती.

मामंजींनी आयुष्यभर धाकट्या लेकाच्या पैशातनं विहीर खणली, स्लॅब टाकला. त्या दुकानात मात्र त्यांचं कधी जाणं झालं नाही. सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी विचारलं, “मग त्या तेजाबाचा वास घरापातुर येतुय?” सोन्या म्हणाला, “पप्पांच्या अंगाला येतुय. आंघूळ केली तरी जात न्हाय.” मामंजी बराच वेळ तसेच बसून राहिले. मग विचारलं, “आणि खोकला?” त्यानंतर त्या दोघांचं जे सुरू झालं ते हात वाळेपर्यंत चाललं. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः दिरांना फोन लावून, खिडक्यांना पंखे बसवलेस का, म्हणून झापलं.

फोन बंद करायचा विषय त्यांनी परत काढलेला नाही. उलट आता संध्याकाळी, “झालं का बहिणीशी बोलून? काय म्हणती?” असं विचारतात, आणि सोन्याला तमिळमधलं सगळं बोलणं मराठीत सांगावं लागतं. उमदीकर, तुमच्या गुरुजींची मधली पायरी ती हीच असावी.

शाळेत मात्र अजून तसंच आहे. सरांना जाऊन भेटले. मी म्हटलं, तो चुकीचं बोलत नाही सर, तो त्याच्या आजीचं बोलतो, तुमच्या-माझ्या आजीचंही तेच होतं. पुस्तकातलं मराठी शिकवाच, आम्हाला ते हवंच आहे, पण वर्गात हसू नका म्हणून एकदा सांगा. त्यांनी ऐकून घेतलं, वर्गाला सांगतो म्हणाले. अजून सांगितलेलं नाही. मी पुन्हा जाणार आहे.

आता प्रश्न. वाचनाचं काय करू? सहामाही जवळ आलीये, आणि मराठीचा धडा त्याला अक्षर-अक्षर लावत वाचावा लागतो. धड्यातली भाषा त्याला परकी आहे, आजीच्या बोलण्यासारखी नाही. दोन ओळी वाचून पुस्तक मिटतो. घरी रोज काय करून घ्यावं?

उमदीकर

ताई, मी मास्तरच आहे, म्हणून हे खात्रीनं सांगतो. धड्यापासून सुरुवात करू नका.

रात्री जेवताना तो जे सांगतो, त्यातल्या पाच-सहा ओळी तुम्ही किंवा तुमच्या लेकीनं वहीत उतरून घ्या. त्याच्याच बोलीत, जसं बोलला तसं, “पप्पा वरडत्यात” सकट. दुसऱ्या दिवशी ते त्याला मोठ्यानं वाचू द्या. स्वतःचंच बोलणं असल्यामुळं पुढचा शब्द काय येणार हे त्याला आधीच ठाऊक असतं, तेव्हा डोळा अक्षरावर अडकत नाही. आठ-पंधरा दिवसांत वेग येतो. मग तेच पान शेजारी पुस्तकी मराठीत लिहायला लावा. हे कडेगावच्या दादांचं हत्यार. दोन्ही पानं वहीत समोरासमोर राहू द्यात, बोलीचं पान लाल पेनानं खोडू नका. धडा त्यानंतर घ्या, आधी तुम्ही वाचून दाखवा, मग त्यानं.

जोडाक्षरं आणि रफार वेगळे घोटून घ्यावे लागतील, कारण तमिळ लिपीत अक्षरं अशी एकात एक जुळत नाहीत, व्यंजनावर टिंब देऊन पुढचं अक्षर शेजारी लिहितात. तो अडतो तिथं हेच कारण असणार. क, ख, ग, घ यांचंही तसंच, तमिळमध्ये त्या चौघांना एकच अक्षर आहे. त्याला रागावू नका, ते त्याला शेजारी-शेजारी लिहून दाखवा आणि तमिळमध्ये ते कसं लिहितात हे त्याच्याकडनं तुम्ही शिकून घ्या.

सरांना परत भेटायला जाल तेव्हा ती वही बरोबर न्या. सहामाहीनंतर इथं कळवा.